काही हरकत नाही

१

धुऊन काढलेल्या फिल्मची कड काचेसारखी स्वच्छ असते. चित्रांच्या दोन्ही बाजूंना, भोकांच्या मधल्या बारीक पट्टीवर, कॅमेऱ्यात प्रकाश पोचतच नाही. त्या सकाळी मी दिव्यासमोर धरलेल्या रिळाची कड काळी होती. चित्रं काळी, चित्रांमधल्या रेघा काळ्या आणि कडही तितकीच काळी. कुठे फिकं नाही, कुठे गडद नाही.

कॅमेरा बिघडला असता तर चित्रं बिघडली असती, कड नाही. कड काळी पडायला एकच कारण पुरतं. चित्रण झाल्यावर आणि फिल्म धुण्याआधी कुणीतरी डबा उघडून ती उजेडात आणलेली असते.

मी ते रीळ टेबलावर ठेवलं आणि हात धुतले.

युद्धात मी विमानांतून काढलेल्या फोटोंच्या फिल्म धुवायचे. रसायनशास्त्राच्या पदवीचा तेवढाच उपयोग झाला. युद्ध संपल्यावर लंडनच्या पश्चिमेला असलेल्या या लहानशा स्टुडिओची प्रयोगशाळा माझ्याकडे आली. इथे विनोदी चित्रपट निघतात. या वेळचा होता टिब्स नावाच्या वेटरचा. हॉटेलातल्या पाहुण्याचं सोन्याचं घड्याळ नाहीसं होतं आणि आळ टिब्सवर येतो. टिब्स इतका सभ्य की बेडी मनगटातून निसटते म्हणून पोलिसाचीच माफी मागतो. शेवटी कोर्टात तो निर्दोष ठरतो. न्यायाधीश म्हणतात, 'झाल्या प्रकाराबद्दल न्यायालय दिलगीर आहे.' टिब्स म्हणतो, 'काही हरकत नाही.' आणि चित्रपट संपतो.

काळं पडलं होतं ते नेमकं याच शेवटाचं रीळ.

टिब्सचं काम करणारा विल्फ ऑर्मरॉड पन्नाशीचा होता. सगळी हयात उत्तरेकडच्या नाट्यगृहांतून गाणी आणि नकला करण्यात गेलेली. ती नाट्यगृहं एकेक करून बंद पडत होती आणि हा त्याचा पहिला चित्रपट. ते शेवटचं वाक्य त्याला मुळीच मान्य नव्हतं. आदल्या दिवशी, चित्रणाआधी, तो सगळ्या सेटसमोर म्हणाला होता, "हे वाक्य ज्या फिल्मवर उतरेल ती फिल्म जळून जावो!"

सगळे हसले होते. तो हसला नव्हता.

मी बातमी कळवायला टेलिफोन उचलणार, तोच स्टुडिओचे मालक हारबॉटल दारात उभे. रात्री फिल्म धुणाऱ्या माणसांकडून त्यांना आधीच कळलं होतं.

"मिस टकवेल, रीळ कसं गेलं ते मला सांगू नका," ते म्हणाले. "कुणी घालवलं ते मला कळलंय. पाहणारा माणूस मिळालाय."

२

पाहणारा माणूस म्हणजे सेड्रिक प्रायर. जाहिराती आणि वर्तमानपत्रं सांभाळायला महिन्यापूर्वीच आलेला. त्याआधी तो एका बिस्किटांच्या कंपनीत होता. केस तेलाने चोपून बसवलेले आणि ते बसलेत की नाही हे हाताने पाहत राहायची सवय. पहिल्याच दिवशी सेटवर पाऊल टाकताच ऐन चित्रणात तो इतका मोठा शिंकला की दिग्दर्शक गिल्बर्ट सेल यांनी त्याला सेटची पायरी बंद केली. तेव्हापासून तो दुपारी आमच्या छोट्या प्रेक्षागृहात बसून आदल्या दिवशीचं धुतलेलं चित्रण पाहायचा, आम्ही त्याला रशेस म्हणतो, आणि त्यावरून वर्तमानपत्रांना मजकूर पाठवायचा.

हारबॉटलांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. विल्फ दाराशी उभा होता. त्याला कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

"सांगा, प्रायर," हारबॉटल म्हणाले.

"मला आवडत नाही हे सांगायला, साहेब." प्रायरचा हात केसांकडे गेला. "पण काल चहाच्या सुट्टीत मी कँटीनकडे निघालो होतो. फिल्म ठेवायच्या खोलीतून मिस्टर ऑर्मरॉड बाहेर पडले. इकडेतिकडे पाहिलं आणि घाईघाईने गेले."

"तेच होते?"

"दुसरं कोण असणार? वेटरचा पोशाख अंगात होता. पांढराशुभ्र कोट, कमरेला काळा पट्टा. त्या पिवळ्या भिंतीपुढं तो कोट असा उठून दिसत होता! चेहरा दिसला नसता तरी मी ओळखलं असतं."

आमच्या बोळाची भिंत खरोखरच पिवळी होती. सैन्याकडून उरलेला रंग हारबॉटलांनी स्वस्तात उचलला होता.

"चहाच्या वेळी तू कुठे होतास, विल्फ?" सेल यांनी विचारलं. ते खिडकीबाहेर पाहत होते.

"मागच्या आवारात. एकटाच. ते वाक्य म्हणून झालं होतं, तरी जिभेवरून जात नव्हतं."

"कुणी पाहिलं?"

"कबुतरांनी."

"चेष्टा पुरे!" हारबॉटल गरजले. "तो कोर्टाचा सेट उभारायला या टंचाईत लाकडाचा परवाना मिळवताना माझे केस पिकले. आज संध्याकाळी तो मोडून लाकूड परत द्यायचंय. बोला ना, तुम्ही हे केलं नाही असं तरी बोला!"

विल्फने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बोलतो की. पण मालक, महिनाभर मी रोज सकाळी उठून हेच बोलतोय. 'साहेब, मी नाही केलं.' तुम्हीच म्हणालात, फार छान बोलतो म्हणून. आता खरं बोललो तर तुम्हाला ते कामच वाटेल."



हारबॉटलांनी निर्णय दिला. विल्फला काढायचं, चित्रपट गुंडाळायचा आणि का गुंडाळला ते बाकी स्टुडिओंना कळवायचं. एकदा ते कळलं की त्याला कुठेच उभं करणार नाहीत. विल्फने मान हलवली, जणू कुणीतरी गाडीची वेळ सांगितली होती.

"मिस्टर हारबॉटल," मी म्हणाले, "मला दुपारच्या रशेसपर्यंत वेळ द्या."

"कशाला?"

"रीळ मी अजून पूर्ण पाहिलेलं नाही."

"काळं रीळ! त्यात पाहायचं काय?"

"तेच पाहायचंय," मी म्हणाले.

३

मी ते सबंध रीळ दिव्यावरून सावकाश सरकवलं. विल्फ फिल्म वाळवायच्या कपाटाजवळ स्टुलावर बसला होता. हिवाळ्यात स्टुडिओत ऊब मिळायची तेवढी एकच जागा, त्यामुळे तो रोजच तिथे चहा घेऊन यायचा. सेटवरच्या सगळ्यांप्रमाणे मीही त्याला कस्टर्ड म्हणायचे.

"कस्टर्ड, फिल्मचा डबा उघडला की काय होतं?"

"बाई, तुम्हीच पहिल्या दिवशी दम दिलात ना. उजेड लागला की मेली."

"आणि न धुतलेल्या फिल्मवर दिसतं काय?"

"काही नाही. सायीसारखी पांढुरकी. मी विचारलं होतं, माझा चेहरा कुठाय. तुम्ही म्हणालात, आहे, पण अजून निजलाय." तो जरासा हसला. "मला सोडवायला नका धडपडू. त्या मालकाचा राग तुमच्यावर निघायचा."

मी रीळ पुढे सरकवलं. काळ्या फिल्मच्या कडांवर मला फिकट डाग दिसत होते. हातभर फिल्म, मग दोन्ही कडांवर समोरासमोर एकेक डाग. पुन्हा हातभर, पुन्हा डाग. तेलकट बोट लागलं की तिथे फिल्म धुण्याचं औषध नीट चढत नाही आणि काळेपणा कमी राहतो. टाकीत डाग पसरले होते, त्यामुळे बोटांच्या रेषा शोधण्यात अर्थ नव्हता. पण हात कसे धरले होते ते स्पष्ट होतं. फिल्म दोन अंगठ्यांमध्ये कडेला धरून उजेडासमोर ताणलेली. मग पुढची. मग त्याच्याही पुढची.

फिल्म नासवायची तर झाकण काढून भेंडोळं जमिनीवर फेकलं की झालं. जो मुद्दाम नासवतो तो फिल्म जपून कडेला धरत नाही. या माणसाला चित्रावर बोट उमटू द्यायचं नव्हतं. तो त्या फिल्मवर काहीतरी शोधत होता. पांढुरक्या सायीत त्याला चित्र दिसेना, तरी पुढे असेल म्हणून तो ओढत राहिला.

फिल्म धुतल्याशिवाय त्यावर चित्र दिसत नाही हे न कळणारा माणूस स्टुडिओत मिळणं कठीण. विल्फ तर नव्हेच.

मी हारबॉटलांना बोलावून डाग दाखवले आणि माझं म्हणणं मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विल्फच्या चेहऱ्याकडे बोट केलं. सकाळीच सेटवर जायचं म्हणून त्याने रंग लावलेला होता. कपाळ दिव्याखाली चकाकत होतं.

"तेलकट बोटं," हारबॉटल म्हणाले. "दिवसभर तोंडाला तेलकट रंग फासणारा आणि ती फिल्म जळो म्हणणारा माणूस या इमारतीत एकच आहे ना, मिस टकवेल? आभारी आहे. पुरावा तुम्हीच दिलात."

४

विल्फला मी वाचवायला निघाले होते आणि माझ्याच हातांनी त्याच्यावरचा आळ पक्का केला होता. मी बोळातून दोनदा फेऱ्या मारल्या. मग सेल यांच्याकडे गेले.

ते कोर्टाच्या रिकाम्या सेटवर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसले होते. सुतार हातोड्या घेऊन खाली वाट पाहत होते.

"तुम्ही मला विचारायला आलात," ते म्हणाले. "विचारा. मी चहाला कँटीनमध्ये होतो, पण मध्येच उठलो होतो."

"कुठे गेला होता?"

"कुठेच नाही. दारापर्यंत गेलो आणि परत आलो. शेवट बदलावा असं विल्फला सांगायला निघालो, आणि नको म्हणून परतलो. तीन आठवडे मी हेच करतोय. तो म्हणतो, खोटा आळ आलेला माणूस असं म्हणणार नाही. हारबॉटल म्हणतात, लोकांना गोड शेवट हवा. मला दोघांचंही पटतं. रोज म्हणतो, उद्या पाहू." ते थांबले. "खरं सांगू? रीळ गेलं हे ऐकल्यावर पहिल्यांदा मला हायसं वाटलं. आता मला ठरवायला लागणार नाही. इतका मी भित्रा. पण डबा मी नाही उघडला. तेवढंही धाडस माझ्यात नाही."

माझा त्यांच्यावर विश्वास बसला. जो माणूस फिल्मवर वाढला तो काही दिसतंय का म्हणून न धुतलेलं रीळ उजेडात धरणार नाही.

मी पोशाखांच्या खोलीत गेले. तिथल्या डोरा पिम यांच्या तोंडात नेहमी टाचण्या असत आणि त्यातूनही त्या अखंड बोलत.

"आलात? या. त्या बिचाऱ्याला फाशी द्यायची वेळ झाली का? आणि कुणाच्या सांगण्यावरून, तर त्या बिस्किटवाल्याच्या!" त्या एका बादलीत चादर पिळत होत्या. चादर निळसर होती. "सेटवर पांढरं म्हणून काही ठेवायचं नाही. दिव्याखाली पांढरं भगभगतं आणि माणसाचं तोंड दिसत नाही. चादरी निळ्या करा, रुमाल राखी करा. आणि रंग कुठून आणू? विल्फच्या कोटासाठी कँटीनमधली कांद्याची सालं उकळली मी. थोडी जास्तच उकळली गेली. पोरांनी लगेच कस्टर्ड म्हणायला सुरुवात केली, मेल्यांनी."

"आणि कमरेचा पट्टा?"

"त्याचाच आहे तो. म्हणजे त्याच्या नाट्यगृहाच्या पडद्याचा तुकडा. बॉम्ब पडला तेव्हा तेवढाच उरला. हिरवीगार मखमल, नुसता हात फिरवत राहावं अशी. चित्रपटात पट्टा काळा दिसतो तो भाग निराळा."

मी अंगातल्या कोटाच्या खिशात हात घातले आणि खाली पाहिलं. मग हारबॉटल यांच्या खोलीत काय बोलणं झालं ते मी मनात पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं.

"मिसेस पिम," मी म्हणाले, "विल्फला कोट घालायला सांगा. पट्टाही. आणि मी हाक मारेपर्यंत त्याला फिल्मच्या खोलीत बसवा."

"आता आणखी काय करायचंय त्याचं?"

"भिंतीपुढं उभं करायचंय."

मिसेस पिम यांच्या तोंडातली टाचणी खाली पडली.

५

दुपारी रशेसना जायच्या वेळी मी तिघांनाही बोळात थांबवलं. हारबॉटल, सेल आणि प्रायर.

"मिस्टर प्रायर, काल तुम्ही कुठे उभे होता?"

"इथेच. या खिडकीपाशी."

"आणि ते त्या दारातून आले. दिसायला काही अडचण नव्हती?"

"छे! उजेड भरपूर होता. म्हणालो ना, पिवळ्या भिंतीपुढं पांढरा कोट."

"कितपत पांढरा? मळका, जुनाट?"

"दुधासारखा," प्रायर म्हणाला. "आणि पट्टा कोळशासारखा."

"मिस टकवेल," हारबॉटल म्हणाले, "हे पुन्हा कशाला?"

मी हाक मारली. "विल्फ, बाहेर या!"

दार उघडलं. विल्फ बाहेर आला आणि सांगितल्याप्रमाणे भिंतीला लागून उभा राहिला. क्षणभर कुणालाच नीट कळलं नाही. भिंत पिवळी होती आणि कोट तिच्याहून फार निराळा नव्हता. खांदे कुठे संपतात आणि भिंत कुठे सुरू होते ते शोधायला लागत होतं. वर एक गोंधळलेलं डोकं, खाली काळी विजार आणि मधोमध, कशालाच न टेकलेला, एक हिरवागार पट्टा.

बोळातून जाणाऱ्या सुतारांपैकी कुणीतरी हसलं. सेल यांच्याही घशातून आवाज निघाला.

प्रायर हसला नाही. त्याचा हात केसांपर्यंत जाऊन तिथेच राहिला.

"हा कोट पांढरा दिसतो तो फक्त पडद्यावर," मी म्हणाले. "कस्टर्डसारखा पिवळा आमच्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर पांढरा उतरतो आणि गडद हिरवा काळा. मिस्टर सेल रोज डोळ्यांनी पिवळा पाहतात, पण मनात त्याला पांढराच धरून चालतात, म्हणून सकाळी ते त्यांच्या लक्षात आलं नाही, विल्फच्या आणि माझ्याही नाही. तुम्ही, मिस्टर हारबॉटल, आणि मिस्टर प्रायर, तो नेहमी पडद्यावरच पाहिलात. काल या बोळात विल्फला खरोखर पाहणारा माणूस कोट उठून दिसला असं कधीच म्हणणार नाही. या स्टुडिओत खरा पांढरा कोट एकच आहे. तो माझ्या अंगात आहे. तेव्हा एकतर काल मी या दारातून बाहेर पडले, नाहीतर मिस्टर प्रायर यांनी कुणालाच पाहिलं नाही."

"आणि तेलकट बोटं?" हारबॉटल यांनी हळूच विचारलं. पण विचारता विचारताच ते प्रायरच्या डोक्याकडे पाहायला लागले होते.

प्रायर खिडकीच्या कट्ट्यावर बसला.

"एका वर्तमानपत्राला कोर्टातलं चित्र हवं होतं," तो म्हणाला. "कालच्या काल. म्हटलं, रिळातून एखादं चांगलं चित्र हेरून ठेवावं. वरचाच डबा घेतला. मला वाटलं कॅमेऱ्यातून निघालं म्हणजे त्यावर चित्र असणारच. मी खूप जपून धरलं हो. कडेला धरलं. काहीच दिसेना, म्हणून वाटलं कोरी फिल्म असेल, आणि गुंडाळून परत ठेवली. सकाळी कळलं."

"मग तसं सांगायचं!" हारबॉटल ओरडले. "मूर्खपणाबद्दल मी कुणाला काढत नाही. काढत असतो तर स्टुडिओ ओस पडला असता! याचं नाव का घेतलंत?"

"नाव मी नाही घेतलं, साहेब. जो तो तेच म्हणत होता. जळून जावो म्हणाला, त्यानेच केलं. सगळ्यांना ठाऊकच होतं. मी फक्त..." त्याने मान खाली घातली. "मी फक्त पाहिलं म्हणालो."

 मला त्याचा राग यायला हवा होता. पण माझ्या डोळ्यांपुढे सकाळची ती खोली आली. विल्फला बसायला कुणी खुर्ची दिली नव्हती, आणि त्या कुणीत मीही होते.

प्रायर उठला. भिंतीपुढच्या विल्फसमोर जाऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"मिस्टर ऑर्मरॉड, झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे."

आम्हा इंग्रज लोकांना काही शब्द पाळण्यातच शिकवलेले असतात. कुणी पायावर पाय दिला, चहा सांडला, घर पाडलं, तरी समोरच्याने दिलगीर म्हटलं की तोंडातून आपोआप तेच निघतं. विल्फचंही तोंड उघडलं. ओठांवर ते आलेलं मला दिसलं. महिनाभर पाठ केलेलं वाक्य होतं.

त्याने तोंड मिटलं. टोपी नव्हती, म्हणून हिरव्या पट्ट्यावरून एकदा हात फिरवला.

"काही..." तो म्हणाला, आणि थांबला. मग पुन्हा, अगदी हलक्या आवाजात, "नाही हो, मिस्टर प्रायर. हरकत आहे."

रागाने नाही. कुणी वेळ विचारावी आणि आपण सांगावी, तसं. प्रायरने मान हलवली. त्याला ते पटलेलं दिसलं, आणि काय गंमत असेल ती असो, त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडा रंग आला.

कोर्टाच्या सेटवरून पहिल्या हातोड्याचा आवाज आला. सेल दचकले. ते बोळाच्या टोकापर्यंत धावत गेले, त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ओरडले, "थांबा! एकही खिळा काढू नका!"

"गिल्बर्ट, लाकूड संध्याकाळी परत द्यायचंय," हारबॉटल म्हणाले.

"संध्याकाळ व्हायला अवकाश आहे. दिवे लावा. न्यायाधीशाला कँटीनमधून उठवा."

"आणि शेवट? तो तरी ठरलाय का, की तोही उद्याच?"

सेल यांनी विल्फकडे पाहिलं. मग आमच्या सगळ्यांकडे पाहून, सुतारांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "ठरला. न्यायाधीश दिलगीर म्हणतील, आणि टिब्स म्हणेल, 'हरकत आहे.'"